भिंतीवरून उतरवलेला चेहरा

प्रवासाहून परतलेला माणूस आपण काय आणले ते दाखवतो. मी नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेस एक चित्र घेऊन आले आणि दुसऱ्या खेपेस तेच चित्र भिंतींवरून खरवडून आले. त्या चित्रामुळे एका बाईचे काम गेले. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. पण तिथल्या जमिनीविषयी आणि भाकरीविषयी लिहिताना माझे लिहिणे पुन्हा पुन्हा त्या बाईकडे वळेल. त्याला माझा इलाज नाही.

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात मी बत्तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. विद्यार्थ्यांना चित्रवहीबाबत माझा एकच नियम होता: पुढ्यात जो नमुना आहे तोच काढायचा. पानाला किडीने भोक पाडले असेल, तर ते भोकही काढायचे. निवृत्तीनंतर मी विशीतल्या मुलामुलींच्या शेजारी बसून चित्रकला रीतसर शिकले आणि साठीच्या उंबरठ्यावर मला आयुष्यातले पहिले चित्रकाम मिळाले. तंबाखूविरोधी काम करणाऱ्या एका संस्थेला खेड्यांत लावण्यासाठी भित्तिपत्रके हवी होती. मी होकार दिला. खरे सांगायचे तर, नकार देण्यासाठी लागणारे धैर्य माझ्यापाशी कधीच नव्हते.

नांदेड

पौषातल्या सकाळी मी नांदेडला उतरले. डोंगरांत वाढलेल्या माणसाला तिथे पहिली अडचण होते ती आभाळाची. आमच्याकडे नजर कुठे ना कुठे अडते. इथे ती अडतच नाही. काळ्या रानात करडईचे पिवळे पट्टे, कणसांनी वाकलेली ज्वारी, आणि त्यापलीकडे पुन्हा काळे रान.

संस्थेच्या क्षेत्र कार्यकर्त्या रुबीनाताई मला घ्यायला आल्या होत्या. त्या मूळच्या देगलूरच्या, चाळिशीच्या. वडिलांचे अत्तर आणि सुरम्याचे दुकान तिथे तीन पिढ्यांचे. दुपारी त्यांनी मला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवायला नेले. पंगतीत कोण कुठला, हे कुणीही विचारले नाही. बाहेर पडताना त्यांनी चपलांच्या रांगेकडे बोट दाखवले. एक गृहस्थ उजव्या बुटातून तंबाखूची पुडी काढत होता.

"आत नेता येत न्हाई ना," रुबीनाताई म्हणाल्या. "अर्धा घंटा सोडली की न्हाई? मग मी म्हणते, चोवीस घंटे का न्हाई सुटत? पण हे बोललं की लोक म्हणतेत, ताई, तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं जा."

संस्थेच्या कचेरीत त्यांनी मला जुनी भित्तिपत्रके दाखवली. कवटी, विंचू, काळी पडलेली फुप्फुसे.

"हा विंचू कुण्या शहरातल्या माणसानं काढला. इथं शेतात रोज विंचू निघतो, मॅडम. लोक चप्पल मारतेत आणि कामाला लागतेत. तुम्ही माणूस काढा. बघितल्यावर वाटलं पाहिजे, ही तर आपल्यातलीच हाय."

तो सल्ला योग्य होता. मी तो गरजेपेक्षा जास्त शब्दशः पाळला.

बिलोली तालुक्यातले एक गाव

गावाचे नाव मी लिहिणार नाही. त्या गावातल्या एका माणसाची ओळख मी एकदा जगाला करून दिली आहे, तेवढी पुरे.

शाळेच्या मागे पत्र्याची स्वयंपाकाची खोली होती. तिथे गयाबाई मुलांची खिचडी शिजवीत. वय पंचावन्नच्या आसपास, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, डाव्या भुवईत आडवा व्रण, आणि दागिन्याच्या भाराने फाटून दोन पाकळ्या झालेली कानाची पाळी. डाळ चुलीवर चढली की त्या खोलीबाहेरच्या पायरीवर येत, कमरेच्या पिशवीतली पत्र्याची डबी काढत आणि बोटाने दातांना मिश्री लावत. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ती पूड आमच्या कोकणातही घरोघर असते. आम्ही तिला मशेरी म्हणतो. माझी आई ती लावी, आणि मी तिला कधी एका शब्दाने अडवले नाही. लावून झाली की गयाबाई तीनदा चूळ भरत, कोपरापर्यंत हात धूत आणि मगच आत जात.

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी डबी माझ्यापुढे धरली.

"घ्या की मॅडम. दात कसे खणखणीत ऱ्हातेत."

मी तंबाखूविरोधी भित्तिपत्रके करायला आलेली बाई. 'नको' एवढेच म्हणायचे होते. पण समोर धरलेला हात पाहून माझी जीभ उचललीच नाही. मी चिमूटभर घेतली, हिरड्यांना लावली आणि, थुंकायचे कुठे हे विचारण्याचा संकोच वाटल्यामुळे, गिळली.

पाचव्या मिनिटाला उचकी लागली, कपाळावर घाम आला आणि समोरचे कडुलिंबाचे झाड हळूहळू डावीकडे सरकू लागले.

"अगं माय, गिळली का काय?" गयाबाई उठल्याच. "रुबीनाबाई, ह्या तुमच्या मॅडमला धरा. तंबाखू सोडवाया आल्त्या, इथं येऊन शिकून ऱ्हायल्या."

त्यांनी मला ओसरीत पोत्यावर निजवले, गुळाचे पाणी पाजले, पदराने वारा घातला. खिचडी वाढायची वेळ झाली तेव्हा मुले एकेक करून मला पाहून गेली. गयाबाईंनी प्रत्येकाला सांगितले, "पित्त झालं मॅडमला." माझी फजिती त्यांनी त्या शाळेत कुणालाही कळू दिली नाही. नंतर घरून ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या शेंगांचे वरण आणि करडईच्या तेलात कालवलेले शेंगदाण्याचे तिखट आणून मला समोर बसवून खाऊ घातले. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो बोलून. तिथे न बोलता ताटात दुसरी भाकरी पडते.

ऊन उतरले तेव्हा त्या पुन्हा पायरीवर बसल्या होत्या, बोट दातांवर, नजर शेताकडे. मी भिंतीला टेकून वही उघडली. चित्र काढू का, हे तीन शब्द माझ्या मनात तयार होते. ते तयारच राहिले. पेन्सिल मात्र चालू लागली: ठिपके तीन, व्रण आडवा, पाळीच्या पाकळ्या दोन. नमुना जसा होता तसा.

त्यांनी मान वळवली. "काय लिहून ऱ्हायल्या?"

"काही नाही," मी म्हणाले. "असंच."

देगलूर

रुबीनाताईंच्या स्कूटीवरून आम्ही देगलूरला गेलो. तिथल्या बाजारात एकच गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते, तेलुगूत घासाघीस करते आणि कन्नडमध्ये रागावून निघून जाते. दुकानदाराला तिन्ही कळतात. रुबीनाताईंच्या अम्मींनी फोडणीचा बगाऱ्याचा भात आणि चिंचेच्या डाळीचा दालचा केला होता. चिंचेचा आंबटपणा आमच्या कोकमापेक्षा जरा हट्टी लागला, आणि फार आवडला.

जेवणानंतर रुबीनाताईंनी वही चाळली आणि त्यांचा हात थांबला.

"अय्यो. ही तर गयाबाईच. अम्मी, बघ, बोलंल आता." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "विचारलं ना तिला?"

मी मान हलवली. होकाराची.

बोलले असते, तर खोटे बोलताना कदाचित अडखळले असते. मान हलवायला काहीच लागले नाही. अम्मींनी मला पानाचा विडा दिला, "इस में तंबाकू नै, आराम से खाओ" असे म्हणून हसल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

लातूर

उदगीरमार्गे मी लातूरला आले. छापखाना गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत होता. त्या वर्तुळाकार बाजारपेठेत मी पहिल्या दिवशी दोनदा वाट चुकले. कुठल्याही रस्त्याने निघाले तरी पुन्हा त्याच गोलावर यायची. एका भांडेवाल्याने तिसऱ्यांदा मला पाहिले तेव्हा बसायला स्टूल दिले. "दम खा मॅडम, गोल कुठं पळून चाललाय," तो म्हणाला.

भित्तिपत्रकात दोन चौकटी ठरल्या होत्या. पहिलीत मिश्री लावणारी बाई. दुसरीत तीच बाई काही वर्षांनंतर, गाल सुजलेला, ओठाच्या कोपऱ्यात न भरणारी जखम. दुसरी चौकट मी वैद्यकीय छायाचित्रे समोर ठेवून तीन दिवस खपून काढली. माणूस तोच दिसला पाहिजे, नाहीतर गोष्ट तुटते. म्हणून ठिपके, व्रण आणि पाळी मी दुसऱ्या चौकटीतही काळजीपूर्वक आणली.

या कामात एक शिस्त असते. छापण्याआधी चित्र गावातल्या लोकांना दाखवायचे, तुम्हाला यात काय दिसते ते विचारायचे, आणि त्यांच्या उत्तरांवरून ते दुरुस्त करायचे. रुबीनाताई तेव्हा उमरीच्या शिबिरात अडकल्या होत्या, म्हणून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते चित्र लातूरजवळच्या दोन गावांत दाखवले. बायकांनी तोंडावर पदर धरला; एकीने आपली डबी पाठीमागे लपवली. चित्र पोचले होते. बिलोलीकडच्या त्या गावात मात्र मी गेले नाही. अहवालात मी 'वेळेअभावी' असे लिहिले. वेळ होता. गयाबाईंसमोर ती दुसरी चौकट धरण्याची मला लाज वाटत होती. ज्या लाजेने मला थांबवायला हवे होते, तिने मला फक्त वाट वाकडी करायला शिकवले.

छापखान्याचे मालक बापूसाहेब पहिला कागद उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, लई जिवंत उतरलंय. हाक मारली तर ओ देईल ही बाई."

मला अतिशय आनंद झाला. हेही लिहून ठेवले पाहिजे.

पुन्हा तेच गाव

फाल्गुनात रुबीनाताईंचा फोन आला. त्यांनी नमस्कार केला नाही.

"मॅडम, तुम्ही गयाबाईला विचारलं होतं ना?"

मी या वेळी खरे सांगितले. मग त्यांनी घडलेले सांगितले. भित्तिपत्रक शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीत, आरोग्य उपकेंद्रात, चहाच्या हॉटेलात लागले. पहिल्याच दिवशी गावाने गयाबाईंना ओळखले, आणि दुसऱ्या चौकटीवरून निष्कर्ष काढला की त्यांना तोंडाचा रोग झाला आहे आणि सरकारला तो आधीच कळला आहे. आयांनी मुलांना घरचे डबे द्यायला सुरुवात केली. शाळेच्या समितीने गयाबाईंना 'तपासणी होईपर्यंत' घरी बसायला सांगितले. रुबीनाताई त्यांना नांदेडला घेऊन गेल्या, डॉक्टरांनी तोंड तपासले, रोग नसल्याची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी समितीपुढे ठेवली तेव्हा एक सदस्य म्हणाले, "चिठ्ठी हातानं लिव्हलेली हाय. ते तर छापलंय."

चौथ्या दिवशी मी नांदेडला पोचले. ज्वारी काढून झाली होती. रानात नुसती धसकटे उभी होती.

रुबीनाताई माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलल्या. आम्ही बादली, खुरपे आणि जुनी फडकी घेऊन गावात शिरलो. कागदाची खळ चांगली चिकटली होती. पाणी मारून कागद भिजवायचा, कडेने खुरपे सरकवायचे आणि ओढायचा. तो सलग कधी येत नाही. उपकेंद्राच्या भिंतीवरून हनुवटी निघाली आणि कपाळ राहिले. हॉटेलाच्या भिंतीवर एक डोळा आणि भुवईतला व्रण कितीतरी वेळ निघेना. बाकड्यावरची माणसे चहा पीत पाहत होती.

"जरा हळू, मॅडम," एक जण म्हणाला, "गयाबाईला लागंल."

कुणी हसले नाही असे मी म्हणणार नाही.

दुपारी शाळेत पालकांची बैठक भरली. गयाबाई आल्या नव्हत्या. बत्तीस वर्षे वर्गात बोलणे वेगळे. तिथे फळा पाठीशी असतो. मी उभी राहिले. मी सांगितले की हे चित्र मी काढले. गयाबाईंना न विचारता काढले. दुसऱ्या चौकटीतला रोग मी इतरांच्या फोटोंवरून घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर बसवला. त्यांना कोणताही रोग नाही.

मागे बसलेल्या एका पागोटेवाल्या गृहस्थांनी तळहातावरचा चुना-तंबाखू मळणे थांबवले.

"म्हंजी ते खोटं हाय."

"हो. गयाबाईंच्या बाबतीत खोटं आहे."

"मग तंबाखूनं रोग व्हतो, ते बी तुम्हीच काढलेलं का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले की ते खरे आहे, ते डॉक्टरांनी सिद्ध केलेले आहे. माझ्या चित्रात रोग खरा होता, बाई खरी होती, पण दोघांना एकत्र मी आणले. वाक्य व्याकरणशुद्ध होते. ते कुणापर्यंत पोचल्याचे मला दिसले नाही.

"बघा बाप्पा," ते गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "एक डाव म्हणतेत खरं, एक डाव म्हणतेत खोटं." आणि त्यांनी मळलेली तंबाखू ओठाखाली ठेवली.

रुबीनाताईंनी नऊ वर्षे त्या तालुक्यात दारोदार फिरून जे कमावले होते, त्यातले किती त्या एका वाक्याने गेले, याचा अंदाज मला त्यांच्या चेहऱ्यावरून आला. तरी उठून त्याच बोलल्या. "चूक मॅडमची हाय, माझी बी हाय. दोष गयाबाईचा काय? उद्यापासून तिला चुलीवर येऊ द्या, मी स्वतः इथं मुलांसंगं बसून जेवते." एका आईने मान खाली घातली. एकीने हळूच म्हटले, "आमाला पटतंय हो ताई, पण लेकरं खात न्हाईत. त्यांच्या डोळ्यापुढं ते तोंड येतं." समितीच्या अध्यक्षांनी सांगितले की जूनमध्ये शाळा उघडली की विचार करू. तोवर दुसरी बाई स्वयंपाक करील.

गयाबाई घराच्या ओट्यावर हरभरा सोलत होत्या. मला पाहून त्यांनी सुपाशेजारची जागा झटकली. मी काय काय बोलायचे ते वाटेत पाठ केले होते. त्यातले 'मला क्षमा करा' एवढेच तोंडातून आले.

"मीटिंगमधी लई बोलल्या म्हणं," त्या म्हणाल्या. "सांगत होती शेजारीण. पाय थरथर करून ऱ्हायले होते म्हणं."

"हो."

"मला कामून न्हाई इचारलं?"

या प्रश्नाचे उत्तर मी रत्नागिरीपासून शोधत आले होते. "धीर झाला नाही," मी म्हणाले.

"माझी डबी घ्यायला झाला का मग?" त्या हसल्या नाहीत. हरभऱ्याचा एक घाटा फोडून त्यांनी दाणे माझ्या हातावर ठेवले. "इचारलं असतं तर बसले असते म्या. लुगडं बदलून बसले असते. पहिलं काढू दिलं असतं. दुसरं न्हाई." दुसरा घाटा फोडत त्या म्हणाल्या, "आन त्या चुलीवर मला कुणी ठिवलं म्हून नव्हते म्या. लेकरं 'गयाआजी, अजून वाढ' म्हनायची. आता रस्त्यात भेटली की तोंडाकडं बघतेत."

मी पिशवीतून मूळ वही काढली. पायरीवर बसलेल्या बाईचे पेन्सिलीतले ते पहिले चित्र मी त्यांच्यासाठी आणले होते; ते पान वेगळे करून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात पुसून कागद घेतला, दूर धरला, जवळ धरला, भुवईतल्या व्रणावर बोट फिरवले.

"म्हातारी झाले की," त्या म्हणाल्या. कागद चार घड्या घालून त्यांनी चोळीत ठेवला. तो पुन्हा कुणी पाहील असे मला वाटत नाही.

मग त्यांनी सवयीने कमरेची डबी काढली, उघडली, आणि क्षणभर थांबून माझ्यापुढे धरली. चेष्टा होती की परीक्षा, मला कळले नाही.

"नको," मी म्हणाले. "मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका, असं सांगायला मी पहिल्यांदा आले होते."

"हां," त्या म्हणाल्या. "हे त्या दिशीच म्हनायचं होतं." आणि बोट डबीत बुडवले.

ऊन ओट्यावर तिरपे आले होते. सूप, हरभऱ्याचा हिरवा ढीग, त्यांचा हात. संस्थेने नवे भित्तिपत्रक मागितले होते; या वेळी चेहरा नको, फक्त हात चालेल, असे कळवले होते. मी कोरे पान उघडले, पेन्सिल बाजूला ठेवली आणि साठ वर्षांच्या माझ्या आयुष्यात ज्या गोष्टीला मी इतकी भ्याले होते ती अखेर विचारली.

"गयाबाई, तुमचा हात काढू का?"

त्यांनी हरभरा सोलणे थांबवले. प्रश्न नीट ऐकून घेतला, त्याच्यावर विचार केला, आणि माझ्याकडे सरळ पाहून म्हणाल्या,

"न्हाई."

मी वही मिटली. त्यांनी सूप माझ्याकडे जरा सरकवले, आणि एसटीची वेळ होईपर्यंत मी त्यांच्यासोबत हरभरा सोलत बसले.